साडेबाराची सोबत

दुपारचे बारा वाजून सत्तेचाळीस मिनिटे झाली होती. निमगाव सावाच्या शिवारात, कांद्याच्या वाफ्यांच्या कडेला बाभळीखाली बसलेल्या कुशाबाईच्या फोनवरून तिची मुलगी अश्विनी दिसेनाशी झाली. आधी चित्र गरकन फिरलं, मग गवताची चार पाती दिसली आणि मग नुसतं राखाडी आभाळ. पाण्यात काहीतरी जड पडल्याचा एक आवाज आला. फोन बंद पडला नव्हता. वरच्या कोपऱ्यात सेकंद पुढे सरकत होते.

"अशे," कुशाबाई म्हणाली. "ए अशे."

पलीकडून उत्तर आलं नाही. एक मेंढी ओरडत होती, तेवढंच ऐकू येत होतं.

इकडे डिसेंबरातलं लख्ख ऊन होतं. कांद्याची रोपं लावायला आलेल्या अकरा बाया भाकरी सोडून बसल्या होत्या. टोळीची मुकादम लंकाबाई कुशाबाईच्या खांद्यावरून पडद्यात बघत होती, तिचा घास तोंडातच राहिला.

अश्विनीला सातवा महिना चालू होता. नेदरलँड्समधल्या विल्गरडाइक नावाच्या आठशे वस्तीच्या गावात ती आणि तिचा नवरा आदेश तीन वर्षांपासून राहत होते. दोघांची ओळख अवसरी खुर्दच्या इंजिनीअरिंग कॉलेजातली. आदेशची नोकरी शहरात, तो पहाटेच आगगाडीनं जायचा. अश्विनीची नोकरी गावाबाहेर दोन किलोमीटरवर, काचेच्या शेडमध्ये. आत टोमॅटो लावलेले, आणि आतली हवा किती गरम, किती दमट ठेवायची ते ठरवणारे संगणक तिच्या हाताखाली. सकाळी आठला ती घरून चालत निघायची. तेव्हा इकडे साडेबारा वाजलेले असायचे.

सातव्यात पोटुशी बाईनं एकटीनं पाणी ओलांडू नये, असं कुशाबाईच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे पाळतात. ओढा असो की कालवा, कुणीतरी बाईमाणूस सोबत जातं, हात धरतं आणि पलीकडे पोचेपर्यंत बोलत राहतं. अश्विनीनं हे ऐकून फोनवर हसून घेतलं होतं. इथं दारातच पाणी आहे आई, मग घरातच बसू का, असं ती म्हणाली. त्यावर कुशाबाईनं तोड काढली. हात धरता येत नसला तरी बोलता तर येतं. रोज साडेबाराला फोन लावायचा, चित्र चालू ठेवायचं आणि काचेच्या शेडच्या दारात पोचेपर्यंत बोलायचं. पस्तीस मिनिटांची ही सोबत पंचवीस दिवस एकदाही चुकली नव्हती.

त्या पंचवीस दिवसांत विल्गरडाइक कुशाबाईला पाठ झालं. एकच रस्ता, तोही विटांचा. दोन्ही अंगांना विटांचीच बुटकी घरं आणि खिडक्यांना पडदे नाहीत. चुलीवर काय शिजतंय ते रस्त्यावरनं दिसतंय, ही काय रीत झाली का, असं लंकाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मग उंच मनोऱ्याचं चर्च, त्याला कुशाबाई घंटेचं देऊळ म्हणायची. चर्चपाशी विटा संपायच्या. पुढे लाकडी पूल, पुलापलीकडे वाळुंजाची तीन झाडं. आपल्या मीना नदीच्या काठाला असतात तशीच, फक्त डोकी छाटलेली. तिथून बांधावरची पायवाट, बांधाच्या दोन्ही बाजूंना पाणी, आणि वाटेत एक ठेंगणी इमारत. आत मोटार घरघरायची. मोटारीच्या घरापासून काचेची शेडं दिसू लागायची. धुक्यात ती आतल्या दिव्यांनी नारिंगी दिसायची, गाव पेटल्यासारखी.

हे सगळं बघायला मजा यायची, पण एक गोष्ट कुशाबाईला पहिल्यापासून रुचली नव्हती. तिथं शेत खाली आणि कालवा वर होता. घरांचे उंबरे पाण्याच्या खाली. बांध फुटला तर माणसानं पळायचं कुठं, असं तिनं विचारलं, तेव्हा अश्विनी म्हणाली होती की चारशे वर्षांत फुटला नाही. कुशाबाईच्या नवऱ्याला, भिमाजीला, ही भीती हास्यास्पद वाटायची. इथं उसात बिबट्या हाय म्हणून तू दिवसाढवळ्या परड्यात एकटी जात नाय, तिथं बिबट्या नाय तर पाण्याला भितेस, असं तो म्हणायचा.

आणि मोटारीचा प्रश्न होता. पाणी वर आणि शेत खाली, मग मोटार कशाला? पाट काढला तरी पाणी आपसूक उतरेल. अश्विनीनं एकदा सांगितलं होतं, की ही मोटार शेतातलं पाणी उपसून कालव्यात टाकते. बाभळीखाली हशा पिकला होता. निमगावात थ्री फेजची लाईट कधी येते यावर माणसं जेवणाच्या वेळा ठरवतात. "पाणी फेकून द्यायला मोटार?" लंकाबाई म्हणाली होती. "चेष्टा करती गं तुझी पोरगी." कुशाबाईनंही ती चेष्टाच समजून सोडून दिली.

त्या दिवशी तिथं दाट धुकं होतं. पुलाच्या फळ्यांवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता, म्हणून अश्विनी कठडा धरून पलीकडे गेली. कुशाबाई मोजून मोजून बोलत होती. बारा त्रेचाळीसला, मोटारीच्या घरापासून शंभरेक पावलांवर, अश्विनी थांबली.

"आई, मेंढी पडलीय पाण्यात," ती म्हणाली. "लोकर भिजून जड झालीय, तिला वर येता येईना."

"मालक कुठं हाय तिचा?"

"कुणीच नाही गं. मी फोन करते कुणाला तरी."

कालव्यात पडलेलं मेंढरू ओढून काढणं ही निमगावला नवलाची गोष्ट नाही. धनगराचे कळप उतरले, की आठवड्यातून एकदा तरी हे होतं. जो जवळ असेल तो काढतो, बाई असो वा गडी. कुशाबाईनं स्वतः किती काढली असतील याची गणती नाही. तिच्या तोंडून जे गेलं ते त्याच सवयीनं गेलं.

"तवर मरंल ते. मुकं जनावर हाय, अशे. खाली बस, मानंमागची लोकर मुठीत धर. तू जोर लावू नको, नुसता आधार दे, ते आपसूक येतं."

"अगं, ती पोटुशी हाय," लंकाबाई म्हणाली.

"आधारच द्यायचाय," कुशाबाई म्हणाली.

अश्विनीनं फोन गवतात टेकवून ठेवला. तिचे बूट दिसले, मग गुडघे, मग तांबड्या कोटाची पाठ. ती मेंढीशी मराठीत बोलत होती. ये, ये, हां, अशी ये. मग फोन कलंडला.

बारा सत्तेचाळीस ते बारा त्रेपन्न. ही सहा मिनिटं कुशाबाईनं फोन कानाला लावून काढली. मध्येच पडद्यात बघायची, आभाळ तसंच. मेंढी ओरडायची, थांबायची, पुन्हा ओरडायची. एकदा पाणी ढवळल्यासारखं वाटलं. एकदा "आई" असं ऐकू आल्याचं तिला वाटलं, पण लंकाबाईला आणि बाकीच्यांना काही ऐकू आलं नव्हतं. पाचव्या मिनिटाला मेंढीचा आवाज बंद झाला.

आदेशला कळवायला हवं होतं. त्याचा नंबर याच फोनात होता, आणि तो बघायचा किंवा लावायचा तर हा फोन तोडावा लागणार, अशी कुशाबाईची समजूत होती. बायांमध्ये तिघींकडे साधे फोन होते. नंबर तोंडपाठ नव्हता. फोन तोडला तर पलीकडचं गवत, आभाळ, जे काही उरलं होतं ते सगळं जाणार. न तोडावा तर दोन हजार कोसांवर एकाही माणसाला पत्ता नाही, की अश्विनी पाण्यात आहे.

"तोड," लंकाबाई म्हणाली. "तोड कुशे, बघत काय बसलीस."

कुशाबाईनं तोडला.

आदेशनं तिसऱ्या वेळेला उचलला, बारा छप्पन्नला. तो आगगाडीत होता आणि दबक्या आवाजात बोलत होता. अश्विनी पाण्यात पडली एवढं ऐकल्यावर त्याचा आवाज दबका राहिला नाही. कुठे, असं त्यानं विचारलं.

कुशाबाईला जागा डोळ्यांपुढे दिसत होती, पण सांगायची कशी ते कळेना. डावं-उजवं सांगण्यात अर्थ नव्हता, कारण अश्विनी कॅमेरा कधी स्वतःकडे तर कधी पुढं फिरवायची. बांधाच्या दोन्ही बाजूंना पाणी होतं आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसायची, सरळ आणि काळी. नुसतं कालवा म्हटलं तर दोन्हींतला कुठला ते कळणार नाही, म्हणून तिनं तिच्या मते सगळ्यांत पक्की खूण सांगितली.

"मोटारीच्या अलीकडं, शंभर पावलांवर. मोटार ज्या बाजूचं पाणी उचलते ना, त्या बाजूला."

"नक्की, मामी?"

"नक्की."

तिनं आयुष्यभर बघितलेली मोटार कालव्यातलं पाणी उचलून शेतात टाकत होती. तेव्हा उचलते ती बाजू म्हणजे कालवा, यात तिला शंका घ्यावीशीही वाटली नाही.

पडली कशी, असंही आदेशनं विचारलं. पाय घसरला असंल, बर्फ व्हता, असं कुशाबाई म्हणाली. त्यानं फोन ठेवला.

लंकाबाई तिच्याकडे बघत राहिली. "मेंढराचं का नाय सांगितलं?"

"कशाला सांगायचं? पाण्यात हाय एवढं पुरं हाय त्यांना."

"कुशे."

"तू रोपं बघ जा. उन्हानं माना टाकत्यात."

रोपांकडे कुणी गेलं नाही. कुशाबाई उठली, बाभळीभोवती एक चक्कर मारून पुन्हा तिथंच बसली. भिमाजीला फोन लावला. तो उसाची ट्रॉली घेऊन पारगावच्या कारखान्यावर रांगेत होता. फोन वाजत राहिला. ट्रॅक्टरच्या सीटखाली ठेवून खाली पत्ते खेळत बसला असेल, हे तिला ठाऊक होतं. तिला थंडी वाजत होती. उन्हात बसूनही हाताची बोटं गार पडली होती, आणि त्या पाण्यात बोटं किती वेळ वळत असतील याचा हिशेब डोक्यात नको नको म्हणताना सुरू होता. पुलावर बर्फ होता, म्हणजे पाणीही तसंच असणार. अंगात जाड कोट होता. लोकर भिजून मेंढी जड होते, तसा कोटही होतो. हे मनात आल्यावर तिनं पदराचं टोक दातांत धरलं.

एक वाजून बारा मिनिटांनी आदेशचा फोन आला. गावातली स्वयंसेवकांची अग्निशमन गाडी सात-आठ मिनिटांतच मोटारीपाशी पोचली होती. सहा माणसं होती. त्यांनी शेताकडच्या खंदकात मोटारीपासून दीडशे मीटरपर्यंत काठीनं ढवळून पाहिलं. खंदक छातीइतकाच खोल, तळ लागतो. तिथं कुणी नव्हतं. आदेश पुढच्या स्टेशनवर उतरून टॅक्सीत बसला होता आणि एका फोनवर त्या माणसांशी, दुसऱ्यावर कुशाबाईशी बोलत होता.

"शेताकडं कशाला?" कुशाबाई म्हणाली. "मला कालवा म्हणायचं व्हतं."

"तुम्ही मोटार पाणी उचलते ती बाजू म्हणालात, मामी. ती शेताचं पाणी उचलते. कालव्यात सोडते."

बाभळीखालच्या बायांना तेवढं ऐकू गेलं होतं. तो हशा ज्यांनी केला होता त्या सगळ्याजणी तिथंच बसलेल्या होत्या.

"आता ते लोक विचारतायत, तुमची खात्री कशाची आहे," आदेश म्हणाला. "धुकं आहे. दोन्ही बाजू एकदम बघायला माणसं नाहीत. कालवा मोठा आहे, तिथं बोट लागते. तुम्ही काय बघितलं ते सांगा. मोटारीचं सोडा. काय बघितलं?"

लंकाबाईनं हात पुढे करून कुशाबाईचं मनगट धरलं. कालवा ओलांडताना धरतात तसं.

"मेंढरू व्हतं," कुशाबाई म्हणाली.

"काय?"

"पाण्यात मेंढरू पडलं व्हतं. ती कुणाला तरी फोन करणार व्हती. मी नाय करू दिला. मी म्हणलं, खाली बस अन् ओढ. माझ्या सांगण्यावरनं गेली ती, आदेशराव. घसरली न्हाई."

पलीकडे टॅक्सीचा आवाज येत होता. मग आदेश तिच्याशी न बोलता दुसऱ्या फोनवर त्या लोकांच्या भाषेत भराभर बोलू लागला. परत आला तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं, की मेंढ्या फक्त कालव्याच्या उतारावर चरायला सोडतात, शेताकडे नाही. माणसं बांध ओलांडून पलीकडे गेली आहेत. हे आधी सांगायचं होतं, असं तो म्हणाला नाही. ते म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं कुशाबाईला वाटलं.

तेव्हा एक वाजून अठरा मिनिटं झाली होती. तिनं मनातल्या मनात मांडलं. सत्तेचाळीस ते अठरा, एकतीस मिनिटं. त्यातली चौदा गाडी पोचल्यावर चुकीच्या पाण्यात गेली.

एक सव्वीसला आदेशनं कळवलं, की मेंढी सापडली. काठावर उभी होती, अंगातून पाणी गळत होतं, जिवंत. तिच्यापासून चार हातांवर गवतात अश्विनीचा फोन होता. त्या जागी काठाची माती धरणारं लाकडी कुंपण सुटलेलं होतं आणि माती उकरल्यासारखी झाली होती.

"काढलं म्हणजे तिनं मेंढरू," लंकाबाई म्हणाली.

मेंढरू वर आलं होतं म्हणजे अश्विनीच्या हातात जोर होता, आणि ते वर आल्यावर काठ सुटला असणार. कुशाबाईला हे सारं दिसत होतं. आधार दे, आपसूक येतं, असं ती म्हणाली होती. आपसूक ते आलं नव्हतं.

एक पस्तीसला भिमाजीचा फोन आला. काय गं, सात मिस कॉल, बिबट्या आला का काय, असं तो हसत म्हणाला. कुशाबाईनं सांगितलं, अशी पाण्यात पडली, शोधत्यात. पाठोपाठ, मीच पाठवली, असंही सांगितलं. मागं कुणीतरी ट्रॅक्टर पुढे घे म्हणून ओरडत होतं. येतो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

बोट शेजारच्या गावाहून आली. आदेशच्या सांगण्याप्रमाणे, कालव्यातलं पाणी मोटारीच्या तोंडापासून दूर ढकललं जातं. म्हणून त्यांनी मोटार बंद करायला लावली आणि वाळुंजांच्या दिशेनं, लव्हाळ्यांच्या बेटांतून शोधायला सुरुवात केली. हे सांगताना तो एक-दोनदा अडखळला. तो स्वतः अजून तेवीस किलोमीटर लांब होता आणि त्यालाही हे सारं दुसऱ्याच्या तोंडून कळत होतं. फोन चालूच ठेवू का, असं कुशाबाईनं विचारलं. लाईन मोकळी पाहिजे मामी, असं तो म्हणाला.

मोटार बंद केली, हे कुशाबाईनं बायांना सांगितलं. का कुणास ठाऊक, त्या बातमीनं सगळ्यांना जास्त भीती वाटली. एक तरणी बाई रडायला लागली, तिला लंकाबाईनं उठवून विहिरीकडे पाठवलं. मागच्या वर्षी गावच्या कालव्यात ट्रॅक्टर गेला, तेव्हाही पाटकऱ्यानं आधी पाणी बंद केलं होतं आणि मग माणूस शोधला होता.

एक चव्वेचाळीसला फोनवर आदेशचा मेसेज आला. कुशाबाईला वाचता येत होतं, पण अक्षरं हलत होती, म्हणून लंकाबाईच्या टोळीतल्या शिकलेल्या मुलीनं वाचला. तीन वाक्यं होती. सापडली. लव्हाळ्यांत अडकली होती. दवाखान्यात नेतायत, मी तिकडेच जातोय.

"सापडली," लंकाबाई म्हणाली. "ऐकलंस का? सापडली."

"कशी सापडली?"

मुलीनं मेसेज पुन्हा वाचला. कशी, ते लिहिलेलं नव्हतं.

"दवाखान्यात न्हेत्यात म्हणजे जिती हाय," लंकाबाई म्हणाली. "मेल्या माणसाला कोण पळवत न्हेतंय?"

"न्हेत्यात," कुशाबाई म्हणाली. "समद्यांनाच न्हेत्यात. लिहून द्यायला."

तिनं फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. मग पाच मिनिटांनी. अश्विनीच्या नंबरलाही एकदा लावला. तो फोन त्या अग्निशमनवाल्यांपैकी कुणाच्या तरी खिशात असेल, हे माहीत असून लावला. तिथंही रिंग गेली. एका बाईनं उचलून परक्या भाषेत दोन-तीन वाक्यं सांगितली. बाईचा आवाज मऊ होता. कुशाबाई त्या आवाजावरून अंदाज घ्यायचा प्रयत्न करत होती, की चांगली बातमी सांगणारी बाई अशी बोलते की दुसरी. "अश्विनी, अश्विनी," ती म्हणाली. पलीकडच्या बाईनंही "अश्विनी" म्हटलं, आणखी एक वाक्य बोलली आणि फोन बंद झाला.

अडीचला भिमाजी कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आला. कपड्यांवर उसाचं पाचट तसंच होतं. लंकाबाईनं त्या मुलीला तो मेसेज त्याला वाचून दाखवायला सांगितलं आणि तो कुशाबाईपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसला. बाया उठून वाफ्यात गेल्या, पण रोपं कुणी लावली नाहीत. वाफ्यात उभ्या राहून सगळ्या इकडेच बघत होत्या.

तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत कुशाबाईनं आदेशला अकरा वेळा फोन लावला होता. रिंग जात होती. एक चव्वेचाळीसनंतर त्याचा दुसरा मेसेज आलेला नव्हता.